गोचीड, गोठा आणि दोन खात्यांमधली भिंत

शेतीच्या अर्थशास्त्रावरील पुस्तकांत टोळधाडीला जागा असते, बोंडअळीला असते, उंदीर-घुशींनी कोठारात फस्त केलेल्या धान्याचाही हिशेब असतो. गोचिडाला मात्र कोणत्याही प्रकरणात थारा मिळत नाही. भाषेने त्याची दखल केव्हाच घेतली आहे. चिकटून बसणाऱ्या माणसाला गोचिडाची उपमा देण्याची मराठीची रीत जुनी आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तर कासेला चिकटून दूध सोडून रक्तच पिणाऱ्या गोचिडाचा दृष्टान्त आला आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्याला त्यासाठी काही समजावून सांगावे लागले नसेल, कारण त्याच्या गोठ्यात तो होताच. आजच्या आसेगावातील गोठ्यातही आहे. फरक इतकाच, की त्या काळी ठाऊक नसलेली एक गोष्ट आज ठाऊक आहे: हा क्षुद्र जीव नुसते रक्त पीत नाही, तर पिताना काही सोडूनही जातो.

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्याचे हे गाव वऱ्हाडातील कोणत्याही मोठ्या खेड्यासारखे आहे. सोयाबीन, तूर, थोडा कापूस ही पिके. घराला लागून गोठा, ओसरीवर कुत्रे, सकाळी आखरावर गोळा होऊन ई-क्लासच्या पडीत चरायला जाणारी गुरे, आणि पावसाळ्यात धुऱ्यावर कमरेइतके वाढणारे गवत. निंदणाला जाणाऱ्या बाया त्या गवतातूनच वाट काढतात, गुरांमागे फिरणारी पोरे त्यातच बसतात. गोचिडाला जे जे हवे, म्हणजे ओलावा, गवत, जनावर आणि लपायला भिंतीची भेग, ते सारे पावशा मैलाच्या आत हजर असते. आसेगावालाच हा आजार आहे, असा याचा अर्थ नव्हे. जी परिस्थिती आसेगावात आहे ती शेकडो गावांत आहे, आणि म्हणूनच या एका गावाकडे पाहून प्रश्नाचा विचार करणे सोयीचे आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि त्याचे नाते कोळ्याशी व विंचवाशी आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. ते खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान असते आणि गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट पाहत बसते. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो, आणि प्रत्येक वेळी पोट भरले की खाली गळून पडतो, कात टाकतो व पुन्हा नवे जनावर शोधतो. गुरांवरचा गोचीड त्यापेक्षा घरकोंबडा. त्याच्या तिन्ही अवस्था एकाच जनावराच्या अंगावर पार पडतात. रक्ताने टम्म फुगलेली मादी एरंडीच्या बीसारखी दिसते, हे वऱ्हाडातील कोणत्याही शेतकऱ्याला सांगायला नको. युरोपातही हे साम्य कोणाच्या तरी नजरेत भरले असावे. एरंडाला वनस्पतिशास्त्रात रिसिनस म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ गोचीड असाच आहे. ही मादी गळून पडल्यावर भिंतीच्या भेगेत किंवा कुटाराच्या ढिगाखाली हजारोंच्या संख्येने अंडी घालते आणि मरते.

तिच्या शरीरात रिकेट्सिया नावाचे जिवाणू असतील, तर ते अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात. म्हणजे गोचीड हा रोगाचा केवळ वाहक राहत नाही, त्याचे कोठारही बनतो. एखादा रोगी बरा झाला किंवा एखादे कुत्रे मेले, म्हणून हे कोठार रिकामे होत नाही. आर्थिक परिभाषेत बोलायचे, तर या भांडवलाची पुनर्गुंतवणूक आपोआप होत असते.

या जिवाणूंचा माग लागला तो अमेरिकेत. हॉवर्ड रिकेट्स या संशोधकाने १९०६ मध्ये रॉकी पर्वताच्या प्रदेशातील ठिपक्यांचा ताप गोचिडामुळे पसरतो, हे दाखवून दिले. चार वर्षांनी मेक्सिकोत टायफसचाच अभ्यास करताना त्याला तो रोग जडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. जिवाणूंना त्याचे नाव मिळाले. भारतातील कहाणीही अशीच अंगावर घेतलेली आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेगॉ हे डॉक्टर १९१६ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात सातताल येथे असताना त्यांना गोचीड चावला आणि पुढे अंगावर पुरळ उमटणारा ताप आला. आपल्याच आजाराचे वर्णन त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि हा टायफससारखा ताप गोचिडामार्फत येत असावा असा तर्क मांडला. हेच मेगॉ पुढे वैद्यकीय सेवेचे प्रमुख झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील खेड्यांच्या आरोग्याची एक विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यातील रोगराई आणि खेड्यातील दारिद्र्य यांचा एकत्र विचार करणारा तो आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता.

मेगॉ यांच्या त्या तापाला आज इंडियन टिक टायफस म्हणतात, आणि त्याच्या जिवाणूचे नाव रिकेट्सिया कोनोराई. महाराष्ट्रात तो आहे, ही काही नवी वार्ता नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी १९८४ मध्येच पुणे जिल्ह्यातील गोचिडजन्य रिकेट्सिया-रोगांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. वाशीमच्या दृष्टीने अधिक जवळचे काम अकोल्याचे आहे. १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता, आणि गंभीर रुग्ण आजही त्याच दिशेने नेला जातो. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात मध्य भारतातील मुलांमध्ये आढळणाऱ्या या तापाविषयी लिहिले, आणि महागड्या तपासणीवाचून तो ओळखता यावा म्हणून लक्षणांना गुण देण्याची एक पद्धत सुचवली. मूल खेड्यातले आहे का, घरी पाळीव जनावरे आहेत का, गोचिडाशी संबंध आला का, पुरळ तळहात-तळपायांवर आहे का, पावलांना सूज आहे का, डोळे लाल आहेत का, रक्तातील बिंबिका व क्षार कमी झाले आहेत का, अशा प्रश्नांच्या उत्तरांची ती बेरीज आहे. जिल्ह्याच्या गावी बसून केलेले हे संशोधन विद्यापीठांच्या अनेक प्रकल्पांहून मोलाचे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कारण या रोगाची खरी अडचण उपचारात नसून ओळखण्यात आहे. गोचीड चावल्यानंतर आठवडा-दीड आठवड्याने ताप येतो. डोके दुखते, अंग मोडून येते, आणि तीन-चार दिवसांनी पुरळ उमटू लागते. बहुधा प्रथम हातापायांवर, मग धडावर. तोवर घरचे लोक गोवर समजतात, वैद्य डेंग्यू समजतो. चाव्याची खूण अनेकदा सापडतच नाही, कारण चावताना दुखत नाही आणि पिल्लू डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक रोगी बरे होतात, परंतु उशीर झाला तर रक्तवाहिन्यांना सूज येऊन कानाची पाळी, बोटे काळी पडतात. मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसे सापडली तर प्राणावर बेतते.

त्यात नावाचा घोळ निराळाच. टायफस आणि टायफॉइड हे अगदी वेगळे रोग आहेत. एक गोचीड, पिसवा वा उवांपासून येणारा, तर दुसरा दूषित अन्नपाण्यातून येणारा विषमज्वर. पण कानाला दोन्ही सारखेच लागतात. तालुक्याच्या गावी रक्त तपासणारा प्रत्येक जण विषमज्वराची विडाल तपासणी सर्रास करतो. टायफसच्या निदानाला उपयोगी पडणारी वाइल-फेलिक्स तपासणीही स्वस्त आणि जुनी, १९१६ सालची आहे. पण ती अचूक नसते व बहुधा दुसऱ्या आठवड्यातच कौल देते, आणि मुख्य म्हणजे ती कोणी मागतच नाही. अधिक भरवशाच्या तपासण्या मोठ्या शहरांत होतात. मग विषमज्वरासाठी दिली जाणारी औषधे सुरू होतात. रिकेट्सिया माणसाच्या पेशींच्या आत राहतो. पेनिसिलिन व त्याच्या कुळातील इंजेक्शने त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, ती कितीही महाग असोत. ज्या औषधाने दोन दिवसांत ताप उतरू शकतो, ते डॉक्सिसायक्लिन बाजारातील अत्यंत स्वस्त औषधांपैकी एक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत संशय येताच तपासणीच्या निकालाची वाट न पाहता हे औषध सुरू करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. लहान मुलांचे दात त्याने पिवळे पडतात या जुन्या धास्तीमुळे ते टाळले जाई. थोड्या दिवसांच्या उपचारात ती धास्ती बाळगण्याचे कारण नाही, हेही आता मान्य झाले आहे.

येथे अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. समजा, आसेगावातील एका शेतमजूर कुटुंबात सहा वर्षांची मुलगी आजारी पडली. औषध गावात मिळाले तर खर्च किरकोळ. न मिळाले तर पहिले तीन दिवस गावात, पुढचे तीन तालुक्याला, मग अकोला. आणि आई तिच्यासोबत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने एकट्या आईचे नऊ दिवस बुडाले तर २,८०८ रुपये गेले. बापही सोबत राहिला तर ५,६१६. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु एस.टी.चे वा भाड्याच्या गाडीचे पैसे, बाहेरून आणलेली औषधे, बाहेरच्या तपासण्या आणि बुडालेला रोज यांना निःशुल्कतेचा स्पर्श होत नाही. जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. सहा दिवस दारोदार फिरणारा ताप तिच्या कक्षेत येत नाही. आणि हे सारे निंदणाच्या ऐन दिवसांत, म्हणजे ज्या दोन महिन्यांत मजुराला काम असते त्याच दोन महिन्यांत घडते. गोचिडाचा हंगाम आणि मजुरीचा हंगाम एकच आहे. उसनवारीची सुरुवात अनेकदा लग्नापासून होते असे समजले जाते, तापापासूनही होते.

नुकसानीची दुसरी बाजू गोठ्यातली. गोचिडामुळे गुरांना होणारे रोग, त्यांत बबेसिया व थायलेरिया हे आदिजीव आणि ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू आलाच, लघवीला रक्ताचा रंग आणतात, दूध आटवतात, प्रसंगी जनावर दगावते. देशी गुरे बऱ्यापैकी टिकाव धरतात. संकरित गाय मात्र चटकन कोलमडते. म्हणजे कर्ज काढून दुधाचा जोडधंदा करू पाहणाऱ्याचीच जोखीम अधिक. भारतात गोचीड व गोचिडजन्य रोगांमुळे पशुधनाची होणारी हानी वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर असावी, असा एक अंदाज २००३ मध्ये मांडला गेला होता. त्या अंदाजात माणसांचा ताप धरलेला नाही.

का धरलेला नाही? कारण गुराचे नुकसान एका खात्याच्या वहीत जाते आणि माणसाचे दुसऱ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याला गोचीड दिसतो, पण त्याला रोगी मूल दिसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला मूल दिसते, गोठा दिसत नाही. दोन्ही खाती एकाच जिल्हा परिषदेच्या छपराखाली असली तरी त्यांच्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत. जे नुकसान दोन खात्यांच्या हद्दीवर पडते, ते कोणाच्याच अंदाजपत्रकात पडत नाही, हा सरकारी जमाखर्चाचा सनातन नियम होय. २०२२ मध्ये लम्पी रोग आला तेव्हा हीच यंत्रणा किती वेगाने हलू शकते, हे पश्चिम विदर्भाने पाहिले. मोफत लसीकरण झाले, गोठे फवारले गेले, बैल दगावला तर २५ हजार व गाय दगावली तर ३० हजार रुपये मदत ठरली. गुराचा मृत्यू डोळ्यांना दिसतो, मोजता येतो आणि त्याला दर असतो. निदान न झालेल्या तापाला तो नसतो.

एकेकट्या शेतकऱ्याने आपला गोठा स्वच्छ ठेवला म्हणून प्रश्न सुटत नाही, ही यातील सर्वांत अवघड बाब आहे. त्याचे बैल शेजाऱ्याच्या बैलांबरोबर त्याच ई-क्लासवर चरतात. एकाने औषधावर केलेल्या खर्चाचा लाभ सर्वांना, आणि दुसऱ्याने न केलेल्या खर्चाचा तोटाही सर्वांना. अशा वेळी शहाणा माणूस खर्च टाळतो, आणि सगळेच शहाणे निघाले की गोचिडांचे फावते. अमेरिकेने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ मध्ये टेक्सासच्या गुरांचा ताप गोचिडामुळे पसरतो हे सिद्ध केले, आणि १९०६ मध्ये तेथील सरकारने दक्षिणेकडील राज्यांत गोचीड निर्मूलनाची मोहीम उघडली. गुरे औषधी पाण्याच्या हौदांत पुन्हा पुन्हा बुडवून काढण्याची सक्ती होती. मोठ्या गुरेवाल्यांना ते परवडले. दोन-चार जनावरांच्या धन्यांना दर पंधरवड्याला हातचे काम टाकून मैलोगणती चालत जाणे परवडेना, तेव्हा काही ठिकाणी त्यांनी ते हौदच सुरुंगाने उडवून दिले. मेक्सिकोच्या सरहद्दीलगतचा पट्टा वगळता गोचिडाचा निःपात १९४३ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी झाला. सार्वजनिक हिताचा खर्च गरिबाच्या वैयक्तिक खात्यावर टाकला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

वऱ्हाडात हौद बांधण्याची जरुरी नाही, आणि विषारी औषधांचा मारा करण्याचा मोह तर आवरलाच पाहिजे. पिकावर मारायचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून गुरांच्या अंगावर चोळण्याचा प्रकार घातक आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जे बळी गेले, ते विसरण्याइतके जुने झालेले नाहीत. शिवाय तेच ते औषध वापरत राहिल्याने गोचीड त्याला दाद देईनासे होतात. भिंतींच्या भेगा लिंपणे, चुना देणे, कुटार व शेणकचरा गोठ्यापासून दूर ठेवणे, अंगणात कोंबड्या मोकळ्या सोडणे, आणि पशुवैद्याने सांगितलेले औषध सबंध गावाने एकाच आठवड्यात वापरणे यांत अवघड असे काही नाही. कुत्र्याचा विसर मात्र पडू नये, कारण माणसापर्यंत येणारा गोचीड बहुधा ओसरीवर झोपणाऱ्या कुत्र्याचाच असतो. त्वचेला चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढावा. त्याच्यावर रॉकेल ओतणे, त्याला चटका देणे किंवा नखावर चिरडणे हे तिन्ही प्रचलित उपाय जिवाणूंच्या सोयीचे आहेत.

गोचिडापासून येणारे सगळेच रोग जिवाणूंचे नाहीत, हेही सांगायला हवे. सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसलेला माकडताप विषाणूंचा आहे; त्यावर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाही. उलट २०१८ मध्ये नागपूर व परिसरात बळी घेणारा स्क्रब टायफस गोचिडाच्या दूरच्या भावंडाचा, चिगर नावाच्या सूक्ष्म पिल्लाचा प्रताप होता, आणि त्याला हेच औषध लागू पडते. त्या वर्षी विदर्भातील डॉक्टरांचे लक्ष गवतातून येणाऱ्या तापांकडे वळले. ते लक्ष टिकले पाहिजे. अन्यथा प्रत्येक पावसाळ्यात निदानाचा श्रीगणेशा नव्याने करावा लागेल.

नागपुरात राष्ट्रीय एकात्मिक आरोग्य संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसवण्यात आली. माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणे हा तिचा हेतू आहे. हेतू उत्तम आहे. पण नागपूरची संस्था जो विचार करील, तो आसेगावच्या बाह्यरुग्ण विभागात उतरायला कोनशिलेची आवश्यकता नाही. केसपेपरवर दोन प्रश्न छापले तर पुरे: घरी गुरे किंवा कुत्री आहेत काय, आणि गेल्या पंधरा दिवसांत गोचीड चावल्याचे किंवा अंगावर सापडल्याचे आठवते काय. अमेरिकेतील लाइम या गावी १९७५ मध्ये एका अपरिचित सांधेदुखीचा छडा लागू लागला, तो गावातील आयांनी आपापल्या आजारी मुलांचा ताळा घेतला म्हणून. त्या रोगाचा जिवाणू विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या पोटात सापडल्याचे प्रसिद्ध व्हायला १९८२ साल उजाडले. आधी यादी झाली, मग शोध. यादी करणारी माणसे येथेही आहेत. २००५ पासून खेड्यात आशा कार्यकर्त्या घरोघर फिरत आहेत. तापाच्या नोंदीत पुरळ आणि गोचीड यांचा आणखी एक रकाना भरणे त्यांना अशक्य नाही. मात्र त्या कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळाला पाहिजे. तो रकाना दर महिन्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात जावा आणि कोणत्या वस्तीतील गोठ्यांत गोचीड वाढले, ही माहिती त्याच वाटेने परत यावी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीच्या वेळी गावातील बैल धुतले जातात, त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळले जाते, आणि दुसऱ्या दिवशी सारी जनावरे एका तोरणाखाली उभी राहतात. वर्षभरात सबंध गावाचे बैल एकत्र तपासता येतील अशी ही एकच वेळ, आणि ती नेमकी गोचिडाच्या भरात येते. त्या दोन दिवसांत पशुवैद्य आणि आरोग्यसेविका दोघांनीही गावात असावे. एकीच्या पिशवीत डॉक्सिसायक्लिन असावे, आणि दुसऱ्याच्या पिशवीत गुरांवरचे औषध सबंध गावाला पुरेल इतके.